उत्तरेला मिटलेला महासागर

३ सप्टेंबर १९३३ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरातून ‘मबाहिस’ नावाचे एक लहान संशोधन-जहाज निघाले. लांबी अवघी १३८ फूट, इंजिन कोळशावर चालणारे, खलाशी इजिप्शियन, शास्त्रज्ञ काही ब्रिटिश आणि काही इजिप्शियन. खर्चाची तजवीज जॉन मरे यांनी सागरसंशोधनासाठी मागे ठेवलेल्या पैशातून झाली होती. मरे हे १८७२ ते १८७६ या काळातील प्रसिद्ध ‘चॅलेंजर’ मोहिमेतले शास्त्रज्ञ. त्यांची संपत्ती मुख्यतः ख्रिसमस बेटावरच्या फॉस्फेटच्या खाणींतून आलेली होती, आणि ते बेट हिंदी महासागरातच आहे. मोहिमेचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सेमूर स्यूएल यांच्याकडे होते. त्याआधी ते कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक होते. नऊएक महिने अरबी समुद्र आणि त्याच्या आसपासचे पाणी पालथे घालून ‘मबाहिस’ परतले, तेव्हा त्याच्या नोंदवह्यांत दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे अरबी समुद्राच्या तळावरील डोंगररांगेत माथ्याच्या रेषेने गेलेली खोल घळ. दुसरी म्हणजे ओमानच्या किनाऱ्यासमोरचा एक मृत पट्टा. तेथे काही शे मीटर खोलीपासून हजार मीटरच्या पलीकडपर्यंतच्या उतारावर जाळे टाकले, तर वर येई तो हिरवट चिखल. त्याला सडक्या अंड्यांसारखा हायड्रोजन सल्फाइडचा दर्प असे आणि त्यात जिवंत प्राणी जवळपास नसे.

या दोन नोंदी वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या हाती गेल्या. घळ भूवैज्ञानिकांकडे गेली आणि चिखल जीवशास्त्रज्ञांकडे. पुढची तीस-चाळीस वर्षे दोन्हींचा अभ्यास वेगवेगळ्या वाटांनी होत राहिला. माझे म्हणणे असे, की या दोन नोंदी आणि खलाशांना शतकानुशतके ठाऊक असलेली तिसरी गोष्ट, म्हणजे ऋतूंबरोबर दिशा बदलणारे वारे आणि प्रवाह, ही एकाच वस्तुस्थितीची तीन रूपे आहेत. ती वस्तुस्थिती अशी, की हिंदी महासागर उत्तरेला जमिनीने मिटलेला आहे. पॅसिफिक आणि अटलांटिक विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना थंड कटिबंधांपर्यंत पसरले आहेत. हिंदी महासागराचे सुमारे सात कोटी चौरस किलोमीटरचे पाणी मात्र उत्तरेस पंचवीस-तीस अंश अक्षांशावर आशियाला येऊन थडकते. नकाशावर हे कोणालाही दिसते. पण या महासागराचे बहुतेक सारे वेगळेपण या एका गोष्टीतून निघते, हे उमगायला विसाव्या शतकाचा बराचसा भाग गेला, आणि त्याला कारणीभूत होती त्या महासागराची दीर्घ उपेक्षा.

उपेक्षा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. ‘चॅलेंजर’ने जगभरचे समुद्र मोजले, पण हिंदी महासागरात ते केप टाउनहून थेट दक्षिणेला गेले आणि बर्फाच्या कडेकडेने मेलबर्नला पोचले. उत्तरेकडच्या उष्ण पाण्याशी त्याचा संबंधच आला नाही. पुढे १८९८-९९मध्ये जर्मन ‘वाल्दिव्हिया’ आणि १९२८ ते १९३० या काळात डॅनिश ‘डाना’ या जहाजांनी काही भाग पाहिला. ‘डाना’च्या मोहिमेला पैसा देणाऱ्या कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाचे नाव अरबी समुद्रातल्या त्या डोंगररांगेला मिळाले. ‘मबाहिस’ला तिच्यात घळ सापडल्यावर स्यूएल आणि त्यांचे सहकारी जॉन वाइजमन यांनी १९३७मध्ये लिहिले, की ही घळ पूर्व आफ्रिकेच्या खचदऱ्यांशी नाते सांगते. महासागराच्या तळाला तडा गेला आहे आणि तोच तडा जमिनीवरही चालू आहे, हा त्या काळी मोठा धाडसी विचार होता. त्याच्या मागे जाण्यासाठी लागणारी जहाजे, पैसा आणि साधने त्या काळी कोणाकडे नव्हती. मग महायुद्ध आले आणि विषय तसाच राहिला.

महायुद्धानंतर चित्र बदलले. १९५७मध्ये महासागरांच्या संशोधनासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय समितीने, रॉजर रेव्हेल तिचे अध्यक्ष असताना, हिंदी महासागराच्या संयुक्त मोहिमेची कल्पना उचलली. कारणे तीन सांगितली गेली. हा सर्वांत कमी अभ्यासलेला महासागर होता, त्याच्या काठावरच्या वाढत्या लोकसंख्येला माशांतून प्रथिने मिळतील अशी आशा होती, आणि मोसमी वाऱ्यांचे कोडे सोडवायचे होते. १९५९ ते १९६५ या काळात डझनभराहून अधिक देशांची चाळीसच्या वर जहाजे या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत उतरली. शीतयुद्ध ऐन भरात असताना सोव्हिएत ‘वित्याझ’ आणि अमेरिकेची जहाजे एकाच कार्यक्रमाखाली काम करत होती. भारताच्या नौदलाची ‘किस्तना’ ही युद्धनौका संशोधनासाठी वापरली गेली, कोचीनला जीवशास्त्रीय केंद्र उभे राहिले, आणि मोहीम संपताच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे.

या मोहिमेवर एक आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता आणि तो हलका नव्हता. हेन्री स्टॉमेल हे त्या काळातील सागरी प्रवाहांचे सर्वांत बुद्धिमान अभ्यासक. त्यांनी ‘इंडियन ओशन बबल’ नावाचे एक अनौपचारिक पत्रक काढून सहकाऱ्यांमध्ये फिरवले आणि मोहिमेच्या आखणीवर नेमके प्रश्न विचारले. प्रत्येक देश आपापल्या सोयीने जहाज पाठवणार, मोजमापांची पद्धत एक नसणार, मग या साऱ्यातून एका प्रश्नाचे तरी उत्तर मिळणार का? जीवशास्त्रापुरता त्यांचा संशय बराचसा खरा ठरला. वेगवेगळ्या जाळ्यांनी गोळा केलेल्या प्लवंगांच्या नमुन्यांची तुलना करणे अवघड गेले. मात्र एक गोष्ट मोहिमेने पक्की धरली होती. शक्य तेथे तोच भाग हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यांत आणि पुन्हा उन्हाळ्यातल्या नैऋत्य वाऱ्यांत, असा दोनदा मोजायचा. वर्षातून दोनदा रूप पालटणाऱ्या समुद्राला हाच न्याय होता, आणि त्यातूनच मोहिमेचे मोठे निष्कर्ष निघाले.

आधी तळाची गोष्ट घेऊ. नोव्हेंबर १९६२मध्ये ब्रिटिश नौदलाचे सर्वेक्षण-जहाज ‘ओवेन’ कार्ल्सबर्ग डोंगररांगेच्या एका लहानशा चौकोनावरून शिस्तीने येरझारा घालत होते. जहाजाच्या मागे लांब दोराने चुंबकमापक ओढला जात होता. केंब्रिजचे ड्रमंड मॅथ्यूज हे मोजमाप पाहत होते. या चौकोनात समुद्राखाली ज्वालामुखीसारखे दोन सुटे डोंगर होते. मॅथ्यूज यांचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन याने केंब्रिजच्या संगणकावर आकडेमोड केली, तेव्हा एका डोंगराचे चुंबकत्व आजच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेचे निघाले आणि दुसऱ्याचे नेमके उलटे. लाव्हा थंड होताना त्यातली लोहयुक्त खनिजे त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. उलटा डोंगर म्हणजे पृथ्वीचे क्षेत्र उलटे असताना गोठलेला लाव्हा. यातून व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी ७ सप्टेंबर १९६३च्या ‘नेचर’मध्ये मांडणी केली. डोंगररांगेच्या माथ्यावर नवा तळ सतत तयार होतो, दोन्ही बाजूंना सरकत जातो, आणि पृथ्वीचे चुंबकत्व अधूनमधून उलटत असल्याने त्याचे सुलट-उलट पट्टे तळावर उमटत जातात. ‘मबाहिस’ला सापडलेली घळ हीच ती नव्या तळाची उगमरेषा होती.

यावर कोणी म्हणेल, की हिंदी महासागराला मी नको इतके श्रेय देतो आहे. चुंबकीय पट्टे आधी पॅसिफिकमध्ये दिसले होते. मेसन आणि रॅफ यांनी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोरचा त्यांचा नकाशा १९६१मध्येच छापला होता. हाच विचार कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनीही स्वतंत्रपणे मांडला होता, पण त्यांचा निबंध नियतकालिकांनी परत पाठवला. आणि शंकेखोरांची तोंडे बंद झाली ती १९६६मध्ये, ‘एल्टानिन’ जहाजाने दक्षिण पॅसिफिकमध्ये घेतलेल्या आडव्या छेदाची दोन्ही अंगे आरशातल्या प्रतिमेसारखी जुळली तेव्हा. हे सारे खरे आहे. मॉर्ली यांच्यावर अन्याय झाला, हेही मी मान्य करतो. पण पॅसिफिकच्या पट्ट्यांचा अर्थ तोवर कोणाला लागत नव्हता, कारण ते प्रशस्त आणि देखणे असले तरी तेथे वेगळा काढून तपासता येईल असा एखादा डोंगर हाताशी नव्हता. कार्ल्सबर्गवर पाहणीचे क्षेत्र लहान होते, पण जवळून पाहिलेले होते, आणि एकच उलटा डोंगर पुरेसा ठरला. माझ्या मुद्द्याला येथे एवढेच पुरे. या महासागराचा तळ स्थिर नाही, तो वाढतो आणि सरकतो, हे कळल्याशिवाय त्याचे उत्तरेचे दार कसे मिटले हे सांगता येणे शक्य नव्हते.

ते सांगितले डॅन मॅकेन्झी आणि जॉन स्क्लेटर यांनी १९७१मध्ये. मोहिमेने गोळा केलेले चुंबकीय पट्टे उलट्या क्रमाने पुसत त्यांनी उत्तर-क्रिटेशस काळापासूनचा हिंदी महासागर पुन्हा मांडला. त्यात भारत गोंडवनापासून सुटून उत्तरेकडे निघालेला दिसतो. त्याच्यापुढे टेथिस नावाचा समुद्र उघडा होता, म्हणजे तेव्हा उत्तर मिटलेली नव्हती. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठाराचा लाव्हा ओतला गेला. आज सह्याद्रीच्या कड्यांत थरावर थर दिसतात ते त्याचेच. त्याच सुमारास सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटला आणि आजचा अरबी समुद्र रुंदावू लागला. लाव्हा पुरवणारा तप्तबिंदू जागच्या जागी राहिला आणि वरचा तळ सरकत गेला. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही रांग त्याच्या मागे उमटत गेली, आणि तो तप्तबिंदू आज रीयुनियन बेटाखाली आहे. पूर्वेकडे नव्वद अंश रेखांशालगत जवळपास सरळ दक्षिणोत्तर गेलेली सुमारे पाच हजार किलोमीटरची रांगही अशाच दुसऱ्या तप्तबिंदूची. १९७२मध्ये ‘ग्लोमार चॅलेंजर’ने तिच्यात छिद्रे पाडली, तेव्हा आज खोल पाण्याखाली असलेल्या खडकावर लिग्नाइट कोळसा सापडला. लिग्नाइट होतो वनस्पतींपासून. म्हणजे ती रांग एकेकाळी पाण्याबाहेर डोके काढून होती आणि तिच्यावर झाडे उगवत होती. खडकांचे वय उत्तरेकडे वाढत जाते. भारत किती सरळ आणि किती वेगाने वर गेला, याचा हा सर्वांत स्वच्छ पुरावा. ऐन वेगात असताना हा वेग वर्षाला पंधरा सेंटीमीटरच्या पुढे होता, आणि खंडांचे सरकणे लक्षात घेतले तर ही दौडच म्हणायची. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियावर आदळला, टेथिस चेपला गेला आणि उत्तर मिटली. त्या टकरीत उभ्या राहिलेल्या हिमालयाची झीज बंगालच्या उपसागरात जवळजवळ तीन हजार किलोमीटर लांबीच्या गाळाच्या पंख्यात साठत आली आहे.

आता प्रवाह. उत्तरेला जमीन असल्यामुळे उन्हाळ्यात ती समुद्रापेक्षा लवकर तापते, हिवाळ्यात लवकर निवते आणि वारे उलटतात. येथवर शाळकरी भूगोल पुरेसा आहे. मोहिमेने त्याला मोजमाप दिले. १९६४च्या पावसाळ्यात जॉन स्वालो ‘डिस्कव्हरी’वरून आणि ‘आर्गो’वरचे अमेरिकी सहकारी सोमालियाच्या किनाऱ्यासमोर, मोसमी वाऱ्यांच्या पुऱ्या माऱ्यात, काम करत राहिले. तेथे त्यांना सात नॉटपर्यंतचा, म्हणजे ताशी सुमारे तेरा किलोमीटरचा प्रवाह मिळाला. मोकळ्या समुद्रात इतका वेगवान प्रवाह क्वचितच सापडतो, आणि हाच प्रवाह हिवाळ्यात उलट दिशेला फिरतो. या कामावर १९६६मध्ये निघालेल्या एका निबंधावर वॉरन आणि स्वालो यांच्याबरोबर स्टॉमेल यांचेही नाव आहे. मोहिमेवर सर्वांत कडक टीका करणाऱ्यानेच तिच्यातून हे काम उभे केले, याचा मला मनापासून आदर वाटतो.

वाऱ्यांची बाजू मुंबईत सांभाळली जात होती. १९६३मध्ये कुलाब्याच्या वेधशाळेत आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र सुरू झाले. हवाई विद्यापीठाचे कॉलिन रामेज त्याचे संचालक होते, आणि जहाजांच्या व विमानांच्या नोंदी आयबीएम १६२० संगणकावर उतरवल्या जात. त्या पहिल्याच पावसाळ्यात, जुलै १९६३च्या सुरुवातीला, ईशान्य अरबी समुद्रावर घोंगावलेल्या एका आवर्ताचा विमानांनी आतून वेध घेतला. जमिनीलगत ते फिके होते आणि चारएक किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरकस. उत्तर कोकण आणि गुजरातला झोडपणाऱ्या पावसाचा हा प्रकार तोवर नीट ओळखलाच गेला नव्हता. मिलर आणि केशवमूर्ती यांनी केलेला त्याचा अभ्यास आजही मोसमी हवामानशास्त्राचा पाया मानला जातो.

तिसरी गोष्ट, ‘मबाहिस’चा तो दुर्गंधी चिखल. मोहिमेतल्या हजारो मोजमापांवरून क्लाउस विर्त्की यांनी १९७१मध्ये काढलेल्या नकाशासंग्रहात अरबी समुद्राच्या पोटात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर पसरलेला, ऑक्सिजन जवळपास संपलेला एक अजस्र थर एकसंध दिसला. ओमानचा मृत उतार हा त्याला जमीन जेथे लागते तेथला काठ होता. कारण पुन्हा तेच. इतर महासागरांत थंड अक्षांशांवर हिवाळ्यात पृष्ठभागाचे पाणी निवते, जड होते आणि ऑक्सिजन घेऊन खाली जाते. घरात हवा खेळायला समोरासमोर खिडक्या लागतात, तसे हे आहे. उत्तर हिंदी महासागराला ती उत्तरेची खिडकी नाही. मधल्या थरांत पाणी येते ते मुख्यतः दक्षिणेकडून, लांबचा प्रवास करून. वाटेतच त्यातला ऑक्सिजन खर्ची पडतो. तांबडा समुद्र आणि इराणचे आखात यांतून येणारे खारे पाणी थोडी मदत करते, पण त्याचे प्रमाण फार कमी. त्यात मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांवर खोलचे पोषक पाणी वर काढतात, वनस्पती-प्लवंगांना भरते येते, ते मरून खाली बुडतात, कुजतात आणि उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात.

येथे एक चतुर वाचक मला अडवेल. उत्पादन पश्चिमेकडे जास्त, तर सर्वांत दमलेले पाणी मात्र मध्य आणि ईशान्य अरबी समुद्रात, असे का? पॅसिफिकमध्ये तर ऑक्सिजनहीन थर उत्पादक किनाऱ्याच्या अगदी खालीच असतो. माझ्या मते हीच विसंगती माझ्या बाजूने बोलते. दक्षिणेचे त्यातल्या त्यात ताजे पाणी पश्चिम काठाने वर चढते आणि तेथे तोटा भरून काढते. ईशान्य कोपरा त्या वाटेच्या शेवटी, बंद टोकाला आहे. कारण फक्त कुजणे असते, तर थर पश्चिमेला असता. तो पूर्वेला आहे, म्हणजे पाणी कोठून येते आणि कोठे अडते हे निर्णायक ठरते. दुसरी अडचण बंगालच्या उपसागराची. तोही उत्तरेला मिटलेला, तरी तेथे ऑक्सिजन अगदी संपत नाही, कणभर उरतोच. त्याचे उत्तर नद्यांत आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती यांचे गोडे पाणी वर हलके झाकण धरते, त्यामुळे खालचे पोषक पाणी सहज वर येत नाही आणि उत्पादन मर्यादित राहते. शिवाय त्या नद्यांनी आणलेल्या मातीच्या कणांना चिकटून मेलेले प्लवंग भराभर खोल जातात आणि मधल्या थरात कमी कुजतात. मिटलेपण दोन्हीकडे सारखेच आहे. फरक पडतो तो त्या मिटलेपणावर काय ओतले जाते याचा.

सर्वांत गंभीर आक्षेप काळाचा आहे. टक्कर पाच कोटी वर्षांपूर्वीची. पण १९८७मध्ये ओमानसमोर झालेल्या खोदकामात पोषक पाणी वर येण्याच्या ठळक खुणा सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वीपासूनच्या मिळाल्या, आणि मालदीवच्या गाळातून २०१६मध्ये सांगितले गेले, की आजच्या धर्तीचे मोसमी वारे सुमारे १.२९ कोटी वर्षांपूर्वी एकाएकी सुरू झाले. मग मधली साडेतीन-चार कोटी वर्षे दार मिटलेले असून काय घडत होते? हा आक्षेप मला माझी मांडणी आवरायला लावतो. मिटलेपण पुरेसे नव्हते. तिबेट आणि हिमालय यांची उंची, आशियाच्या आतल्या उथळ समुद्राचे आटणे, पृथ्वीचे एकंदर थंड होणे, हे सारे जुळून यावे लागले. त्यांतले कोणते किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण या प्रत्येक स्पष्टीकरणात उत्तरेला जमीन आहे हे गृहीत धरलेले असते. उघड्या टेथिसच्या काळात आजचा अरबी समुद्र कोणत्याही वाऱ्याने तयार झाला नसता.

१९९९च्या पावसाळ्यानंतर गोव्याच्या संस्थेतील वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भूखंडमंचावर तीव्र ऑक्सिजन-टंचाई मोजली. काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइडही होता. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात खोलचे ऑक्सिजनहीन पाणी उतारावरून किनाऱ्याकडे चढते, हे नैसर्गिकच आहे. पण त्या पाण्यातून निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचे प्रमाण पाहून त्यांनी २०००मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले, की शेतातून वाहून येणाऱ्या खतांमुळे ही टंचाई वाढत असावी. त्यानंतर गोव्यातल्या कांदोळीसमोर नियमित मोजणी चालू राहिली, आणि चित्र गुंतागुंतीचे होत गेले. काही वर्षी टंचाई भयंकर असते, काही वर्षी जवळपास नसते. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले, की विषुववृत्तालगतचे वारे बदलून हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापतो आणि पूर्व भाग निवतो, त्या वर्षी पश्चिम किनाऱ्यावरचा ऑक्सिजन सहसा पूर्णपणे संपत नाही, कारण हलक्या उबदार पाण्याचा थर जाड होतो आणि खालचे पाणी वर चढू शकत नाही. किनाऱ्यावरच्या खतांचा वाटा आणि दूरच्या वाऱ्यांचा वाटा वेगळा काढायचा, तर दोन-चार वर्षांच्या मोजणीने भागणार नाही. डिसेंबर २०१५मध्ये गोव्यातूनच सुरू झालेल्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसमोर, आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर जाळी टाकणाऱ्यांसमोरही, आज उभा असलेला प्रश्न हाच आहे.